सफरचंदाचे, पांढरे की जांभळाचे? व्हिनेगर आणि रक्तातील साखर

मधुमेहाच्या तपासणीला येणारी मंडळी हल्ली फाइल, रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे यांच्याबरोबर पिशवीतून एखादी बाटलीही बाहेर काढतात. कधी ती सफरचंदाच्या व्हिनेगरची असते, कधी जांभळाच्या शिरक्याची, कधी मुलीने परदेशातून आणलेल्या काळपट बाल्सामिकची. प्रश्न साधारण एकच असतो: "डॉक्टर, साखरेसाठी हे घेतले तर चालेल का? आणि यातले सगळ्यात चांगले कोणते?" त्याच्या मागे आणखी एक प्रश्न असतो. तो बहुतेक वेळा सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा विचारतो: "हे चालू केल्यावर गोळी कमी करता येईल ना?"

उत्तरे आधीच सांगतो. व्हिनेगरचा जेवणानंतरच्या साखरेवर थोडा परिणाम होतो, हे खरे आहे. हा परिणाम करणारी वस्तू सगळ्या व्हिनेगरमध्ये एकच आहे, त्यामुळे महाग बाटलीचा वेगळा फायदा नाही. काही बाटल्यांचा मात्र तोटा आहे. गोळी कमी करण्याइतका हा परिणाम मोठा नाही. आणि काही रुग्णांनी व्हिनेगर औषधासारखे अजिबात घेऊ नये. कोणी घेऊ नये ते पुढे सविस्तर सांगितले आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निदान तेवढा भाग तरी नक्की वाचावा.

बाटलीत असते काय?

गोड रस आंबू लागला की यीस्ट त्यातील साखरेचे अल्कोहोल करते. नंतर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून त्या अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल बनवतात. सुरुवात सफरचंदाच्या रसाने करा, उसाच्या, द्राक्षाच्या किंवा जांभळाच्या रसाने करा, नाहीतर तांदूळ किंवा बार्लीपासून करा. शेवटी हाती येते ते पाण्यात मिसळलेले ॲसिटिक आम्ल, साधारण ४ ते ६ टक्के. मूळ फळाचा किंवा धान्याचा रंग, वास आणि थोडे इतर घटक त्यात उरतात. गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात. विंदालू हे नावच मुळी वाइन-व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाच्या एका पोर्तुगीज पदार्थावरून आले आहे. उत्तरेकडे ज्याला सिरका म्हणतात तोही हाच, बहुधा उसाचा किंवा जांभळाचा.

किराणा दुकानात सर्वांत स्वस्त मिळणारी पांढरी बाटली मात्र नीट पाहा. तिच्यावर 'सिंथेटिक' असे छापलेले असते, कारण ते आंबवून केलेले नसून ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते. आपल्याकडच्या नियमांनुसार तसे लेबलवर लिहावेच लागते. चायनीजच्या गाडीवर हिरव्या मिरच्या ज्यात बुडवलेल्या असतात ते बहुतेक हेच.

कोणते व्हिनेगर सरस?

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर १९९५ साली इटलीत झालेल्या एका लहानशा प्रयोगातून मिळते. पाच निरोगी माणसांना पांढरा ब्रेड आणि त्याआधी सॅलड खायला दिले. एके दिवशी सॅलडवर साधे पांढरे व्हिनेगर होते, त्यात सुमारे १ ग्रॅम ॲसिटिक आम्ल होते. दुसऱ्या दिवशी तेच व्हिनेगर होते, पण त्यात खाण्याचा सोडा घालून आंबटपणा घालवलेला. आणखी एका दिवशी व्हिनेगर नव्हतेच. व्हिनेगर असलेल्या दिवशी ब्रेडनंतरची साखरेची वाढ सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली. सोडा घातलेल्या व्हिनेगरचा काहीही उपयोग झाला नाही.

म्हणजे काम करते ते आम्ल, फळ नव्हे. प्रयोगात वापरलेले व्हिनेगर साधे पांढरे होते, त्यात सफरचंद नव्हते, 'मदर' नव्हती, मध नव्हता. तरीही परिणाम दिसला. नंतरच्या अभ्यासांत सफरचंदाचे, वाइनचे आणि तांदळाचे व्हिनेगर वापरले गेले. चित्र साधारण तेच राहिले.

मग बाटल्यांमध्ये फरक कशात आहे? दोन गोष्टींत: आम्ल किती टक्के आहे, आणि साखर किती आहे.

सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये सहसा ५ टक्के आम्ल असते आणि साखर नगण्य. म्हणून ते चांगले, पण तितकेच. बाटलीच्या तळाशी जो ढगाळ साका दिसतो, ज्याला 'मदर' म्हणून जाहिरातीत फार मिरवतात, तो जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला सेल्युलोज यांचा गुंता आहे. तो असल्याने साखर जास्त उतरते असे नाही. गाळलेली, स्वच्छ दिसणारी बाटली या कामाला तेवढीच उपयोगी.

तांदळाचे व्हिनेगर थोडे सौम्य असते, साधारण ४ टक्के. यात एक फसगत होते. 'सुशी व्हिनेगर' किंवा 'सीझन्ड' असे लिहिलेल्या बाटलीत साखर आणि मीठ आधीच मिसळलेले असते. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्याच.

बाल्सामिक हे द्राक्षाचा रस आटवून केलेले, म्हणून गोडसर. बाजारात मिळणाऱ्या साध्या बाल्सामिकच्या १५ मिलिलिटरमध्ये सुमारे अडीच ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. कधीतरी सॅलडवर घ्यायला हरकत नाही, पण साखर कमी करण्यासाठी रोज दोन मोठे चमचे घ्यायची ही वस्तू नव्हे. आणि 'बाल्सामिक ग्लेझ' नावाने मिळणारा दाट पदार्थ तर जवळजवळ पाकच समजा.

माल्ट व्हिनेगर बार्लीपासून होते. साखरेच्या दृष्टीने ठीक आहे, पण ज्यांना सिलिअॅक आजार आहे आणि ज्यांचे ग्लूटेन बंद आहे त्यांनी टाळावे.

जांभळाच्या शिरक्याबद्दल थोडे जास्त बोलावे लागेल, कारण आपल्याकडे जांभूळ आणि मधुमेह यांची गाठ लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. शिरका हा रस पूर्ण आंबवून होतो. तसा तो खरोखर शिरका असेल तर त्यातील ॲसिटिक आम्ल इतर कुठल्याही व्हिनेगरसारखेच काम करेल. केवळ 'जांभूळ' या शब्दासाठी जादा पैसे मोजावेत असा पुरावा नाही. बाजारात मात्र शिरका, ज्यूस, सरबत आणि मध घातलेली मिश्रणे एकाच रंगाच्या बाटल्यांत शेजारी शेजारी मांडलेली असतात. मागची पोषणाची माहिती वाचा. १०० मिलिलिटरमागे साखर १० ग्रॅम लिहिली असेल तर ते तुमच्या कामाचे नाही, पुढे जांभळाचे चित्र कितीही सुंदर असो.

स्वस्तातल्या सिंथेटिक व्हिनेगरबद्दल लोक बिचकत विचारतात. साखरेवरच्या परिणामापुरते बोलायचे तर आम्ल तेच आहे. चवीला आणि वासाला ते कोरडे, उग्र असते, म्हणून मी स्वतः उसाचे किंवा सफरचंदाचे आंबवलेले व्हिनेगर घ्यायला सांगतो. पण ही आवडीची बाब झाली, औषधाची नव्हे. एक गोष्ट मात्र कडकपणे सांगायची आहे. रसायनांच्या दुकानातून तीव्र ॲसिटिक आम्ल आणून घरी पाणी घालून व्हिनेगर करू नका. माप चुकले तर तोंड, घसा आणि अन्ननलिका भाजून निघते.

गमीज आणि कॅप्सूल हा तर निराळाच बाजार. गमीज म्हणजे चघळायची गोळी, आणि तिला चव साखरेनेच येते. कॅप्सूल आणि गोळ्यांमध्ये आम्लाचे प्रमाण लेबलप्रमाणे असेलच असे नाही: २००५ मध्ये अमेरिकेत आठ कंपन्यांच्या गोळ्या तपासल्या तेव्हा आम्ल सुमारे १ टक्क्यापासून १० टक्क्यांहून अधिकपर्यंत सापडले. ही तपासणी झाली तीच मुळी एका बाईच्या घशात अशी गोळी अडकून इजा झाली म्हणून.

साखर उतरते कशी?

मुख्य कारण पोटात आहे. आंबट अन्न आले की जठर आपले दार थोडे आवरून घेते आणि अन्न आतड्यात हळूहळू सोडते. स्वीडनमधील संशोधकांनी हे एका युक्तीने दाखवले. त्यांनी ब्रेडबरोबर पॅरासिटामॉल दिले आणि ते रक्तात किती वेळाने येते हे मोजले, कारण पॅरासिटामॉल जठरातून आतड्यात उतरल्यावरच रक्तात शिरते. व्हिनेगर घेतल्यावर ते उशिरा आले. अन्न हळू उतरले की साखरही हळू चढते.

दुसरे कारण पिष्टाच्या पचनाशी जोडलेले आहे. भात, ब्रेड, बटाटा यांतील पिष्टाचे तुकडे करणारी लाळेतील आणि आतड्यातील विकरे आंबट वातावरणात मंदावतात. तिसरे कारण म्हणजे स्नायू रक्तातील ग्लुकोज थोडे जास्त उचलतात, असे टाइप २ मधुमेहाच्या काही रुग्णांवर ग्रीसमध्ये झालेल्या अभ्यासात दिसले.

या यंत्रणा समजल्या की एक गोष्ट आपोआप उलगडते. व्हिनेगर चालते ते पिष्टावर, साखरेवर नाही. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात कॅरल जॉन्स्टन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी लोकांना जेवणाबरोबर सुमारे दोन चहाचे चमचे व्हिनेगर दिले तेव्हा साखरेची वाढ सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. पण पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज दिले तेव्हा व्हिनेगरने काही फरक पडला नाही. नेदरलँड्समध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना ७५ ग्रॅम ग्लुकोजबरोबर व्हिनेगर दिले, तिथेही हाच अनुभव. तेव्हा गुलाबजाम किंवा श्रीखंड खाऊन वर व्हिनेगरचा घोट घेणाऱ्यांनी आपली समजूत दुरुस्त करून घ्यावी.

जेवण कोणते, यावर बरेच अवलंबून

ग्रीसमधल्याच आणखी एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांचे दोन गट होते. एका गटाला कुस्करलेला बटाटा आणि दूध, म्हणजे साखर झपाट्याने चढवणारे खाणे दिले. दुसऱ्याला अख्ख्या धान्याचा ब्रेड, सॅलडची पाने आणि कमी चरबीचे चीज. दोन्हींत एक दिवस व्हिनेगर, एक दिवस नाही. बटाट्याच्या गटात व्हिनेगरने फरक पडला. दुसऱ्या गटात पडला नाही.

आपल्या ताटात याचा अर्थ काय? तुम्ही ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर असे जेवत असाल, तर व्हिनेगरला कमी करायला फारसे काही उरतच नाही. पांढरा भात, पाव, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी अशा ताटात त्याचा उपयोग दिसेल. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा एकत्र पोटात जातात, त्या दिवशी साखर का उसळते ते रुग्णांना वेगळे सांगावे लागत नाही, ग्लुकोमीटरच सांगतो. पण अशा दिवशीही खिचडीची वाटी लहान करणे आणि बरोबर दाण्याची आमटी व काकडी घेणे हा व्हिनेगरपेक्षा मोठा उपाय आहे.

बटाट्याचा एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. स्वीडनमध्ये उकडलेले बटाटे रात्रभर थंड करून दुसऱ्या दिवशी व्हिनेगर आणि तेल लावून खायला दिले. ताज्या गरम बटाट्याच्या तुलनेत साखर चढण्याचा निर्देशांक ४३ टक्क्यांनी कमी आला. यात दोन गोष्टी एकत्र आल्या. बटाटा थंड झाला की त्यातील काही पिष्ट पचायला कठीण अशा रूपात जाते, आणि त्यावर आम्लाचा परिणाम.

"मग आपले लिंबू का नको?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. लिंबातले आम्ल सायट्रिक, ॲसिटिक नव्हे, तरी फ्रान्समधील एका प्रयोगात ब्रेडबरोबर लिंबाचा रस दिल्यावर साखरेचे शिखर सुमारे ३० टक्क्यांनी खाली आले आणि अर्ध्या तासाहून जास्त उशिरा आले. फक्त तिथे दिलेला रस २५० मिलिलिटर होता. वरणभातावर पिळलेली अर्धी फोड म्हणजे ते नव्हे. तरीही कोशिंबिरीत, पोह्यांवर, उसळीवर लिंबू भरपूर पिळायला माझी काहीच हरकत नाही. साखर घातलेले लिंबाचे, कोकमाचे सरबत मात्र या हिशेबात धरू नये.

लोणचे खाऊन चालेल का? नाही. जॉन्स्टन यांनीच १२ आठवड्यांचा एक छोटा अभ्यास केला होता. टाइप २ मधुमेहाच्या काही रुग्णांना दिवसातून दोनदा दोन मोठे चमचे व्हिनेगर, काहींना व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी आणि काहींना व्हिनेगरची गोळी दिली. व्हिनेगर पिणाऱ्यांचे एचबीए१सी ०.१६ ने उतरले. काकडी आणि गोळी घेणाऱ्यांचे उतरले नाही, किंचित वाढलेच. आपल्या लोणच्यात तर व्हिनेगरपेक्षा मीठ आणि तेल जास्त, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाब असलेल्यांना मीठ नकोच आहे. हॉटेलात पंजाबी जेवणाबरोबर येणारा गुलाबी सिरक्यातला कांदा चवीला उत्तम, पण त्यातून पोटात जाणारे व्हिनेगर फार थोडे.

हा परिणाम किती मोठा?

०.१६ हा आकडा नीट समजून घ्या. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज. तो ८.५ असेल तर व्हिनेगरने साधारण ८.३ किंवा ८.४ होईल. मेटफॉर्मिनसारख्या साध्या, स्वस्त गोळीने तो १ ते १.५ ने उतरू शकतो. दोन्हींची बरोबरी होत नाही.

उपाशीपोटीच्या साखरेबद्दलही असेच. २००७ मध्ये ११ रुग्णांना रात्री झोपताना दोन मोठे चमचे सफरचंदाचे व्हिनेगर चीजच्या तुकड्याबरोबर दिले. सकाळची साखर सरासरी ४ टक्क्यांनी उतरली, नुसत्या पाण्याने २ टक्क्यांनी. म्हणजे १५० असेल तर १४४. यावर बातम्यांचे मथळे आले, 'रात्री व्हिनेगर, सकाळी साखर नॉर्मल'. आकडे असे काही सांगत नाहीत.

वजनाबद्दलही अपेक्षा माफक ठेवा. जपानमधील १२ आठवड्यांच्या अभ्यासात रोज १५ किंवा ३० मिलिलिटर व्हिनेगर घेणाऱ्यांचे वजन एक ते दोन किलोंनी कमी झाले. २०२४ मध्ये लेबनॉनमधील तरुणांवरचा एक अभ्यास फार गाजला, त्यात वजन कितीतरी जास्त उतरल्याचे म्हटले होते. त्यातील आकडेवारीवर गंभीर शंका आल्या आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. त्याच्या आधारावर बनवलेले व्हिडिओ अजून फोनवर फिरत आहेत.

तुलनेसाठी आणखी एक आकडा. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांना रोज एकदा अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटे चालायला सांगितले. जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी आली, म्हणजे चालणे तेवढेच, फक्त वेळ बदलली. याला बाटली लागत नाही आणि दात झिजत नाहीत.

घ्यायचेच असेल तर

माप मिलिलिटरमध्ये करा. घरातला 'मोठा चमचा' प्रत्येक घरात वेगळा असतो. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे झाकण चांगले. ५ टक्के आम्लाच्या १० ते १५ मिलिलिटर व्हिनेगरपासून पुढे जाण्याची गरज नाही. त्यात अर्धा ते पाऊण ग्रॅम आम्ल असते. परदेशी प्रयोगांत याच्या दुप्पटही दिलेले आहे, आणि आम्ल जास्त तसा परिणामही जास्त दिसला. पण ते काही तासांचे प्रयोग होते. रोज, वर्षानुवर्षे घ्यायच्या गोष्टीत मी हात राखून सांगतो.

जेवणाच्या सुरुवातीला घ्या. सकाळी उठून रिकाम्या पोटी घेण्याला साखरेच्या दृष्टीने काही अर्थ नाही. जेवणाच्या पाच तास आधी घेतलेले व्हिनेगर उपयोगी पडत नाही, असे जॉन्स्टन यांच्याच अभ्यासात दिसले आहे. सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे ते प्यायचेच नाही. कोबी, काकडी, गाजर, कांदा यांच्या वाटीभर कोशिंबिरीवर घाला, चमचाभर तेल, मिरपूड, हवी तर दाण्याच्या कुटाची चिमूट, आणि ती वाटी भाताला हात लावण्याआधी संपवा. आधी भाजी खाण्याचा स्वतंत्र फायदा आहेच. चटका बसू नये म्हणून खाण्याचा सोडा घालून पिणारे काही रुग्ण भेटतात. वरचा इटलीचा प्रयोग आठवा: सोडा घातला की उपयोग संपला.

प्यायचेच असेल तर एका मोठ्या पेल्यात, निदान २०० मिलिलिटर पाण्यात मिसळा. नुसता घोट कधीच नको. प्यायल्यावर पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास ब्रश करू नका, कारण आम्लाने मऊ झालेले दातांचे आवरण घासल्याने लवकर झिजते. झोपण्याआधी लगेच घेऊन आडवे होऊ नका.

कोणी घेऊ नये

इन्सुलिन घेणारे, विशेषतः ज्यांचा मधुमेह जुना आहे. यामागचे कारण समजून घ्या. बरीच वर्षे साखर जास्त राहिली की काहींच्या जठराच्या नसा दुबळ्या होतात आणि जठर आधीच हळू रिकामे होते. थोडे खाल्ले की पोट गच्च होणे, फुगारा, मळमळ, काही तासांपूर्वीचे अन्न तसेच उलटून पडणे, आणि साखर कारण नसताना कधी खूप वर, कधी एकदम खाली जाणे, ही त्याची लक्षणे. स्वीडनमध्ये टाइप १ मधुमेहाच्या आणि जठर मंद झालेल्या १० रुग्णांना रोज ३० मिलिलिटर सफरचंदाचे व्हिनेगर दिले. त्यांच्या जठराचा रिकामे होण्याचा वेग २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. निरोगी माणसात जो परिणाम फायद्याचा, तोच इथे धोक्याचा. जेवणाआधी टोचलेले इन्सुलिन आपल्या वेळेवर काम सुरू करते, अन्न मात्र जठरातच पडून असते. आधी साखर घसरते, मग अन्न उतरल्यावर चढते, आणि घरच्यांना वाटते की इन्सुलिनचा डोस चुकला.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा साखर बरीच खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. सेमाग्लुटाइडसारखी औषधे घेणाऱ्यांचे जठर त्या औषधानेच मंदावलेले असते, त्यात भर नको. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे होणे, आणि ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असलेल्यांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवावी, कारण त्या गोळ्यांमुळे साधी साखर लवकर पचत नाही. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही न देता सरळ रुग्णालयात न्या.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो. ऑस्ट्रियात एका २८ वर्षांच्या तरुणीने सहा वर्षे रोज सुमारे २५० मिलिलिटर सफरचंदाचे व्हिनेगर प्यायले होते. तिच्या रक्तातील पोटॅशियम खूप खाली गेले होते आणि त्या वयात हाडे ठिसूळ झाली होती. मात्रा अर्थातच अतिरेकी होती; पण पोटॅशियम आधीच औषधाने उतरत असलेल्या माणसाला त्या वाटेवर फार लांब जावे लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार, छातीत जळजळ, जठरातील व्रण, झिजलेले दात असलेल्यांनीही टाळावे. गरोदरपणातील मधुमेहात घरगुती प्रयोग नकोतच.

आपल्याला उपयोग होतो का, हे घरी कसे पाहावे

ग्लुकोमीटर असेल तर हे शक्य आहे. एक ठरावीक नाश्ता घ्या, समजा दोन वाट्या पोहे, दोन्ही दिवशी त्याच वाटीने मोजून. एक दिवस व्हिनेगर घातलेली कोशिंबीर आधी, दुसऱ्या दिवशी तीच कोशिंबीर व्हिनेगरशिवाय. खाण्यापूर्वी, पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी साखर पाहा. त्या दोन तासांत एके दिवशी बाजारात चालत जाणे आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीपुढे बसणे असे नको. हेच आणखी दोन-तीनदा करा. चांगल्या ग्लुकोमीटरच्या आकड्यातही १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो, त्यामुळे १८० आणि १७० यांत फरक आहे असे समजू नका. प्रत्येक वेळी तीस-चाळीसचा फरक दिसला तर तुमच्या बाबतीत उपयोग होतो. नाही दिसला तर बाटली स्वयंपाकासाठी वापरा.

प्रयोगशाळेत तपासणीला जाताना उपाशीपोटीच्या नमुन्याआधी व्हिनेगर घेऊ नका. जेवणानंतरच्या नमुन्यासाठी रोज जे आणि जसे खाता तेच खा, आणि व्हिनेगर चालू असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. नाहीतर त्या आकड्यावरून गोळीचा निर्णय चुकू शकतो.